कोणाचे डावे, कोणाचे उजवे?

या पानावर आपण मुलांच्या अभ्यासाविषयी, त्यांच्या हट्टाविषयी, सुनेच्या नोकरीविषयी आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांविषयी पुष्कळ वाचतो. आज आम्ही एका खेळाविषयी लिहिणार आहोत. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालेल्या माणसाने खेळावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु या खेळाने आम्हाला जे शिकवले, ते बत्तीस वर्षांच्या मास्तरकीने शिकवले नव्हते. म्हणून लिहिणे भाग पडले.

आमचे गाव बिरसी. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली, म्हणून गावाचे नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक. पुढे येथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानही पहिल्यांदा उतरले. बाकी आमचे गाव धानाच्या मुलखातले एक साधे गाव. बांध्या, बोड्या, धुऱ्यावरची झाडे आणि उन्हाळ्यात कवेलूंच्या घरात साठलेली धग.

गेल्या उन्हाळ्यात आमची नात पुण्याहून आली. चौथीची परीक्षा आटोपली होती. तिची आई नोकरी करते, वडीलही नोकरी करतात. दोन महिने पोर कुठे ठेवायची, हा शहरातल्या सगळ्याच घरांचा प्रश्न. तो त्यांनी आमच्याकडे पाठवून सोडवला. आमच्या सहचारिणींना केवढा आनंद! त्यांनी कुरोड्या, पापड, आंब्याचा रस अशी सगळी तयारी केली. पण पोरीचे पहिले वाक्य, "आजी, इथे नेट येतं का?"

नेट येत होते, पण ओढत-ओढत. चार दिवसांत पोर कंटाळली. पाचव्या दिवशी तिने सांगितले की तिच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर एक मधमाशीचा खेळ आहे. माशीला आपण हुकूम द्यायचे. पुढे जा, वळ, फुलातला रस घे, पोळ्यात मध कर. हुकूम बरोबर असले तर माशी पोचते, चुकले तर अडते. कोड डॉट ओआरजी नावाच्या अमेरिकेतल्या एका संस्थेने जगभरच्या मुलांना कॉम्प्युटरची भाषा शिकवण्यासाठी असे खेळ केले आहेत, हे आम्हाला नंतर कळले. इंग्लंडमधल्या शाळांतून तर 'बी-बॉट' नावाची पिवळी-काळी खेळण्यातली माशीच जमिनीवर चालते. तिच्या पाठीवरची बटणे दाबून ठेवली की ती एका वेळी पंधरा सेंटिमीटर पुढे सरकते किंवा जागच्या जागी काटकोनात वळते.

आम्ही म्हणालो, "मग त्यात काय? अंगणात खेळू."

"अंगणात? आणि माशी कुठून आणणार?"

"आम्ही होतो की माशी."

सहचारिणी घरातून म्हणाल्या, "गुडघ्याला तेल लावून व्हा म्हणावं माशी!"

अशी सुरुवात झाली. सारवलेल्या अंगणात चुन्याच्या फक्कीने सहा ओळी आणि सहा रांगा आखल्या. दोन-दोन फुटांचे छत्तीस चौकोन झाले. छपरीसमोरच्या टोकाला, शेवग्याच्या झाडाजवळच्या एका चौकोनात पोळे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर पोरीने फुले काढली. करंज, जांभूळ, शेवगा, तीळ, मोहरी, लिंब. प्रत्येक फुलावर बाटलीचे एक बूच आणि त्यात तीन चिंचोके. चिंचोका म्हणजे रस. दोन चौकोनांत वेडा राघू काढला. हा हिरवा पक्षी तारेवर बसून उडत्या माश्या टिपतो, हे खेड्यातल्या पोरांना सांगावे लागत नाही. एका चौकोनात कोळ्याचे जाळे, एका चौकोनात औषधाची फवारणी. दोन-तीन चौकोनांत धानाची लोंबी.

शेजारची पाच-सहा पोरे जमली होतीच. त्यांतला एक म्हणाला, "आजा, धानाच्या फुलावर चिंचोके काहून नाही?" प्रश्न चांगला होता. धानाचे फूल बहुतेक आपल्याच परागाने फळते. त्याला माशीला बोलावण्याची गरज नाही, म्हणून त्यात गोड रसही नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नजर जाईल तिथवर हिरवेगार धान दिसते. आपल्याला ती समृद्धी वाटते. रस शोधणाऱ्या माशीला तो नुसता ओसाड माळ! तिचे पोट धुऱ्यावरच्या झाडांवर आणि बांधावरच्या तिळावर. हे आम्ही पोरांना सांगितले आणि स्वतःही पहिल्यांदाच नीट ध्यानात घेतले.

हुकूम चार ठरले. 'पुढे', 'डावीकडे', 'उजवीकडे', 'रस घे'. पोरगी छपरीत पाटीवर सगळे हुकूम आधी लिहून काढणार आणि मग एकेक वाचणार. मधे बदल करायचा नाही. माशीने स्वतःचे डोके चालवायचे नाही.

पहिल्याच डावात घोटाळा झाला. पोरीने 'उजवीकडे' म्हटले. आम्ही उजवीकडे वळलो आणि एक पाऊलही टाकले. ती ओरडली, "फक्त वळायचं होतं!" दुसरे एक पोर म्हणाले, "न वळता बाजूच्या घरात सरकायचं." एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. तेव्हा नियम झाला की वळणे वेगळे आणि चालणे वेगळे. 'उजवीकडे वळ' म्हटले की जागच्या जागी तोंड फिरवायचे. पाऊल टाकायचे ते फक्त 'पुढे' म्हटल्यावर. रस पोळ्यात उतरवायलाही हुकूम हवा, म्हणून 'पोळ्यात टाक' हा पाचवा हुकूम आला. घरात आपण एकमेकांना किती अर्धवट सूचना देतो आणि समोरच्याने पूर्ण समजून घ्यावे म्हणतो, हे त्या अंगणात पहिल्यांदा दिसले. असो.

दुसरा घोटाळा मोठा होता. आम्ही पोळ्यावर उभे, तोंड छपरीकडे. पोरगी छपरीत बसलेली, तोंड आमच्याकडे. तिने वाचले, "पुढे. पुढे. डावीकडे वळ. पुढे." आम्ही तंतोतंत तसे केले आणि थेट वेड्या राघूच्या तोंडात गेलो.

"आबा, डावीकडे म्हटलं ना!"

"डावीकडेच वळलो, बाई."

"हे डावं नाही!" तिने आपला डावा हात उंच केला.

आम्ही आमचा डावा हात उंच केला. दोन हात दोन दिशांना. पोरे खो-खो हसू लागली. आम्ही मास्तरांच्या आवाजात समजावू लागलो की डावे म्हणजे अमुक आणि उजवे म्हणजे तमुक. पोरगी रडवेली झाली. शेवटी तिने आजीचा फोन घेतला, वडिलांना लावला आणि त्याचा आवाज मोठा केला. "बाबा, मी डावीकडे सांगितलं आणि आबा उलटेच गेले."

पलीकडे आमचे धाकटे चिरंजीव. क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "तू कुठे बसली होतीस?"

"आबांच्या समोर."

"समोर बसून सांगितलं की असंच होतं. आधी माशीच्या मागे जाऊन उभी राहा. तिचं तोंड जिकडे आहे तिकडे बघ. मग सांग."

पोरगी 'हो' म्हणाली आणि फोन ठेवून पळाली. आम्ही मात्र त्या वेड्या राघूच्या चौकोनातच उभे राहिलो.

वाचकहो, येथे थोडे मागे जावे लागेल.

आमचे वडील दुसऱ्याच्या बांधीत राबले. आम्ही शिकलो, मास्तर झालो. महिन्याच्या महिन्याला पगार घरात येऊ लागला, त्या दिवशी आमच्या मायने चुलीपुढे बसून डोळे पुसले होते. त्यामुळे नोकरी म्हणजे मास्तरकी आणि मास्तरकी म्हणजे सुरक्षितता, हे आमच्या डोक्यात पक्के बसले. धाकट्याने २००५ साली गोंदियाला बारावी केली. त्याला कॉम्प्युटरचे शिक्षण घ्यायचे होते. आम्ही म्हणालो, डी.एड. कर. तो दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला नाही. डी.एड. झाला. त्यानंतर २०१० साली शिक्षणसेवकांची सीईटी झाली. त्याचे थोडक्या गुणांनी गेले. पुढे २०१३ पासून टीईटी आली, पण मोठी भरती काही निघाली नाही. जी निघाली ती पवित्र पोर्टलवरून, २०१९ मध्ये. तोवर हजारो डी.एड. झालेली पोरे मिळेल त्या कामाला लागली होती. आमचा मुलगा २०१४ साली बायकोला घेऊन पुण्याला गेला. दिवसा गोदामात माल मोजायचा आणि रात्री कॉम्प्युटर शिकायचा. आज तो एका लहानशा कंपनीत त्याच कामावर आहे, जे त्याला अठराव्या वर्षी करायचे होते. मधली नऊ-दहा वर्षे आमच्या हुकमाची.

त्याने कधी बोलून दाखवले नाही. हीच तर अडचण. फोनवर बोलणे म्हणजे "तब्येत?" "बरी आहे." "पाऊस?" "झाला." "बरं, ठेवतो." वर्षाकाठी एखादी फेरी, तीही दोन दिवसांची. आम्ही मनाशी म्हणायचो, आम्ही काय त्याचे वाईट चिंतले होते? आणि ते खरेच होते. वाईट चिंतले नव्हते. आम्ही समोर बसून, आमच्या हाताच्या हिशेबाने 'डावीकडे' म्हणालो होतो. त्याचे तोंड कुठे आहे, हे उठून पाहिले नव्हते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सहचारिणींनी विचारले, "गुडघा दुखतो का?" आम्ही 'हो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोरांत एक बकऱ्या चारणारा मुलगा आला. सहावीत आहे, वाचताना अडखळतो, शाळेत मागे बसतो. तो म्हणाला, "आजा, डावं-उजवं कायले? उगवतीकडं, मावळतीकडं असं सांगा ना. मंग कोनी कुठंबी उभा राहो." सगळे गप्प झाले. पोराने एका वाक्यात दुसरा मार्ग काढला होता. आपले खेड्यातले लोक शेताचा धुरा सांगतात तो असाच. आमच्या डोक्यावरून घिरट्या घालणारी शिकाऊ विमानेही तशीच चालतात. धावपट्टीच्या टोकाला जो मोठा आकडा रंगवलेला असतो, तो म्हणजे होकायंत्रावरच्या अंशांचा दहावा भाग. वैमानिकाला कोणी नुसते 'डावीकडे जाऊन उतर' म्हणत नाही. हे सांगताच पोरे वर पाहू लागली.

आणि खुद्द मधमाशी? ती तर सूर्यावरूनच वाट सांगते. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने माश्यांचे नाच वर्षानुवर्षे पाहून त्यांचा अर्थ लावला. त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. झाडाच्या ढोलीतले पोळे अंधारात उभे टांगलेले असते. फूल सापडलेली माशी परत येऊन त्यावर शेपटी हलवत एक सरळ रेघ नाचते. वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा, असे धरायचे. फूल सूर्याच्या उजवीकडे साठ अंशांवर असेल, तर माशीची रेघही उभ्या रेषेच्या उजवीकडे साठ अंशांत. रेघ जितकी लांबते तितके फूल दूर. आपल्याकडची लहान फुलोरी माशी उघड्यावर, फांदीभोवती पोळे बांधते. ती पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि सरळ फुलाकडेच तोंड करून वाट दाखवते. म्हणजे एकीने दिशा मनात फिरवून घ्यायची आणि दुसरीने बोट दाखवल्यासारखे जायचे. दोन्ही पद्धतींत पाहणाऱ्या माश्या नाचणारीला चिकटून, तिच्या मागोमाग फिरत वाट समजून घेतात.

शेवटी खेळाला दोन प्रकार ठेवले. लहानांसाठी उगवती-मावळतीचा आणि मोठ्यांसाठी डाव्या-उजव्याचा. डाव्या-उजव्यात एक नियम सक्तीचा. वाटाड्याने आधी माशीच्या मागे उभे राहून पाहायचे, मगच पाटी हातात घ्यायची. मुलांकडून अशाच प्रकारे कॉम्प्युटर चालवून घेण्याची कल्पना १९६७ साली अमेरिकेत निघाली, असे मुलाने नंतर फोनवर सांगितले. सीमोर पॅपर्ट, वॉली फ्युरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' नावाची भाषा केली. तिच्यात माशीऐवजी कासव होते. मूल अडले की पॅपर्ट म्हणत, आधी स्वतः कासव होऊन चालून पाहा. हे पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, तरुणपणी तेथील वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले. मुलाने एवढे सांगितले तेव्हा आमच्या ध्यानात आले की आज 'बरं, ठेवतो' न म्हणता तो दहा मिनिटे बोलला आहे.

आता खेळातला तिसरा प्रश्न उरला. जिंकणार कोण? पोरे म्हणाली, जो जास्त चिंचोके आणेल तो. दोन दिवस तसे खेळलो. तिसऱ्या दिवशी सगळी बुचे रिकामी आणि भांडणे सुरू. त्यावरून आम्हाला आमचे लहानपण आठवले.

आमचे बा उन्हाळ्यात चार-पाच जणांबरोबर आग्या मोहोळ काढायला जात. अंधाऱ्या रात्री पलिता पेटवून पोळे जाळत. माश्या होरपळून खाली पडत. अख्खे पोळे कापून आणत आणि मध, अंडी, अळ्या सगळे एकत्र हाताने पिळत. गढूळ मधाची एक वाटी आमच्या वाट्याला येई. भुकेच्या दिवसांत ती वाटी किती गोड लागे, हे सांगायला नको. बांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण त्या झाडावर पुढच्या वर्षी मोहोळ बसत नसे, हेही खरे. आता जाणती माणसे वेगळ्या रीतीने मध काढतात. आग्या माशीच्या पोळ्यात मध वरच्या फुगीर भागात असतो, पिल्ले खाली असतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने अंगभर पोशाख घालून नुसता मधाचा भाग कापायची आणि पिल्लांचा भाग झाडावर ठेवायची पद्धत लोकांना शिकवली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' झाले, ते पेटीतल्या माश्या पाळून. आणि धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलावरच्या भ्रमराचा दाखला आहे, तो या पानाच्या वाचकांना आम्ही नव्याने काय सांगावा?

पोरांना एवढेच सांगितले की एक कामकरी माशी कामाच्या हंगामात जेमतेम दीड महिना जगते आणि त्या सगळ्या जन्मात चहाच्या चमच्याच्या साधारण बाराव्या भागाएवढा मध करते. एक चमचा मध म्हणजे बारा माश्यांचा जन्म. नातीने हातातल्या चिंचोक्यांकडे पाहिले. मग तिनेच नियम सांगितला, "आबा, पोळ्याला पावसाळ्यासाठी सहा चिंचोके ठेवायचे. सहाच्या वरचे आपले. सहा झाले नाहीत तर सगळेच हरले." बकऱ्या चारणाऱ्या मुलाने भर घातली, "अन् फूल पुरं रिकामं करायचं नाही. एक ठेवला तर दुसऱ्या डावात एक वाढतो." खेळ तेथे पुरा झाला. गंमत अशी की त्या नियमानंतर भांडणे थांबली, कारण आता एकमेकांना हरवण्यापेक्षा पोळे जगवणे आधी आले.

ज्यांना हा खेळ घरी करायचा असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छत्तीस चौकोन अंगणात, गच्चीवर किंवा फरशीवर खडूने आखावेत. जागा नसेल तर पुठ्ठ्यावर आखून माशी म्हणून एक बूच ठेवावे आणि त्यावर तोंडाची दिशा दाखवणारा बाण काढावा. फुले सहा, प्रत्येकावर तीन चिंचोके. माशीने एका खेपेत दोनच न्यावेत. एका डावाला वीस हुकूम. विसावा हुकूम संपला की सूर्य मावळला; पोळ्याबाहेर असलेल्या माशीचा रस वाया. राघू, जाळे किंवा फवारणी यांच्या चौकोनात पाय पडला की डाव गेला. पाच डाव झाले की पावसाळा. हुकूम आधी लिहायचे, मग चालायचे. चूक झाली तर पाटीवर शोधायची, माशीला रागवायचे नाही. आणि एक सूचना खेळाबाहेरची. खेळ रंगला म्हणून पोरांना खऱ्या मोहोळाजवळ जाऊ देऊ नये, दगड तर मुळीच मारू देऊ नये.

नात हिशेबाला पक्की. एके दिवशी तिने पाटी आणून दाखवली. करंजाचे फूल पोळ्यापासून दोन घरे पुढे आणि एक घर उजवीकडे होते. तिने लिहिले होते, 'पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे, रस घे.' पाच हुकूम. परत येताना मात्र, 'उजवीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे, डावीकडे वळ, पुढे, पुढे, पोळ्यात टाक.' सात हुकूम.

"आबा, रस्ता तोच आहे. मग परत यायला दोन जास्त का लागतात?"

आम्ही पाटी पाहिली. "परत यायचं तर आधी पूर्ण मागे वळावं लागतं, बाई. त्याचे दोन जास्त."

मे महिन्याच्या शेवटी मुलगा तिला न्यायला आला. गाडीने गोंदियाला उतरला. घरी यायला बारा वाजले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'जयभीम' करत आत आला आणि अंगणातले चौकोन पाहून थांबला. नातीने त्याला हात धरून पोळ्यावर उभे केले. "बाबा, आज तुम्ही माशी. आबा वाटाड्या."

पाटी आमच्या हातात. आम्ही छपरीत बसलो होतो. मुलगा समोर उभा, आमच्याकडे तोंड करून. चाळिशीला आलेला, कानाजवळ केस पांढरे झालेले. आम्ही उठलो. गुडघा कुरकुरला. अंगण ओलांडून त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. त्याच्या खांद्यावरून पाहिले. तेथून आमची छपरी वेगळीच दिसत होती, लहान आणि जरा कलती.

आम्ही म्हणालो, "अठरा वर्षांचा होतास, तेव्हाच येऊन उभं राहायला पाहिजे होतं."

तो वळला नाही. खेळात माशीला आपणहून वळता येत नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "सांगा, आबा. पुढे किती?"

आम्ही तीन फुले गाठून दिली असती, पण दुसऱ्याच फुलाजवळ आमचा हिशेब चुकला आणि तो कोळ्याच्या जाळ्यात गेला. नात रागावली. तो हसला आणि म्हणाला, "पाटी बघा, चूक तिथेच असते." सहचारिणींनी आतून रसाची वाटी आणली.

तो दोन दिवसांसाठी आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून वर चढला. म्हणाला, "पावसाच्या आत छपरीचे कवेलू फेरले पाहिजेत. खालून दिसत नाही, पण लय सरकलेत." तिकीट बदलले आणि पाच दिवस राहिला. आम्ही खालून एकेक कवेलू देत होतो, तो वरून सांगत होता, "अजून जरा उजवीकडे, आबा."

आम्ही दर वेळी विचारत होतो, "कोणाच्या उजवीकडे?"